माइकवरची काळी पट्टी

क्लिफ्टनच्या हातात माइक दिला की तो आधी त्याचा वास घ्यायचा. हसू नका. गाणाऱ्याच्या तोंडाचा वास जाळीत मुरतो, आणि आमच्या वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये कुठला माइक कुणाचा हे हा पठ्ठ्या डोळे मिटून सांगायचा. बिनतारी माइक, बिनतारी गिटारी, त्यांची ती कमरेला बांधायची, आवाज हवेतून पाठवणारी डबी, सगळ्यांचं दुखणंखुपणं तोच बघायचा. हुशार होता, ते मी कबूल करतो. पण तोंडाला लगाम नव्हता.

फुटबॉलच्या सामन्यांच्या त्या दिवशी मर्लीनबाईंनी आणून दिलेल्या माइकला मात्र फक्त धुराचा वास होता. हिरव्या पाल्याच्या धुरात धरून, शुद्ध करून त्यांनी तो पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढला होता. माइक त्यांच्या मुलाचा, आमच्या बँडच्या गेलेल्या गायकाचा. मर्लीनबाई म्हणजे क्लिफ्टनच्या आईची सख्खी बहीण. आमच्याकडे आईची बहीण ही आईच, म्हणजे गेलेला गायक हा क्लिफ्टनचा भाऊच झाला.

त्याचं नाव मी सांगणार नाही, विचारूही नका. माणूस गेला की त्याचं नाव आम्ही जिभेवरून उतरवतो. अगदीच वेळ आली तर 'कुमंजयी', म्हणजे 'ज्याचं नाव घ्यायचं नाही तो', म्हणायचं आणि पुढे जायचं. त्याचे फोटो, त्याच्या वस्तू, त्याची गाणी, सगळं बंद. घरचे मोकळं करतील तेव्हाच ते उघडायचं. तो गेल्यापासून बँड गप्प होता, आणि त्याच्या मुलीने, जेलिसाने, बापाचं एक गाणं ओठांतसुद्धा आणलं नव्हतं.

"आज माझ्या नातीला गाऊ दे," मर्लीनबाई म्हणाल्या. "गाणी मोकळी केली मी. नाव नाही. कळलं?"

"आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" क्लिफ्टन म्हणाला.

"बाळाला बोलता येत नाही, तेवढं तरी बरं असतं. तुझी जीभ मला ठाऊक आहे. काही वेडंवाकडं झालं तर सगळं परत पेटीत जाईल, पोरीच्या गाण्यासकट."

जेलिसा शेजारीच उभी होती. ती नुसती क्लिफ्टनकडे बघत राहिली. "काळजी करू नकोस गं," तो तिला म्हणाला.

स्टेज म्हणून उभ्या केलेल्या ट्रकच्या मागे जाऊन त्याने माइकमध्ये नवा सेल घातला आणि तो तिथेच थबकला. माइकच्या पोटावर बारीकशी खिडकी असते, ती उजळली होती. वर भावाचं नाव, खाली फ्रिक्वेन्सीचा आकडा. नाव क्लिफ्टननेच भरलेलं, भाऊ मागून गुदगुल्या करत असताना. ते पुसून टाकायला हवं होतं. दोन बटणांचं काम. पण पुसवेना हो! भावाला आपल्या बोटाने पुसायचं? शेवटी त्याने काळी चिकटपट्टी फाडली आणि आख्ख्या खिडकीवर चिकटवली. माइकचा आवाज पकडणाऱ्या रिसीव्हरच्या खिडकीवरही तशीच. नाव झाकलं, सुटलो, असं त्याला वाटलं. खालचा आकडाही झाकला गेला, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

मग घाईघाईने त्याने एकेक वस्तू चालू करून पाहिली आणि बंद केली. माइक ठणठणीत, गिटारी ठणठणीत. सगळं एकदम चालू करून बघायला हवं होतं, पण तेवढ्यात अंतिम सामना संपला आणि लोक घोंगड्या घेऊन ट्रकसमोर येऊन बसलेसुद्धा. शेकोट्या पेटल्या, राखेत भाजायला कांगारूच्या शेपट्या पुरल्या गेल्या, कुत्री घोटाळायला लागली. सगळ्यात पुढे मर्लीनबाई.

बँडच्या एलरॉयने गिटारीवर सुरुवात केली. तो सूर ऐकूनच म्हातारी माणसं सरसावून बसली. जेलिसाने माइक चालू केला, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि गिटार घुसमटली. खरखर, मग कानात सुई घुसावी तशी शिट्टी. पोरीचा आवाज अर्धा ऐकू येतोय, अर्धा गायब. मागची पोरं खिदळायला लागली.

क्लिफ्टनच्या, सगळ्यांचे आवाज जुळवायच्या मिक्सरवर एक छोटा माइक होता, बँडशी बोलायला. त्यातून तो ओरडला, "मेव्हण्या, कमरेला डबी बांधलीयस की मिक्सी? वायर तुटलीय तुझी!"

एलरॉय खरोखरच त्याचा मेव्हणा, त्यामुळे टोमणे रोजचेच. पण आज सगळी वस्ती बघत होती. त्याने मुकाट्याने वायर बदलली, सेल बदलला. खरखर तशीच.

"माझं काही नाही रे, तुझं बघ," एलरॉय म्हणाला.

"माझं? आयुष्य गेलं माझं यात! तू आधी गिटार धरायला शीक!"

लोक हसले. एलरॉयने मान खाली घातली. जेलिसा माइक छातीशी धरून उभी. क्लिफ्टनकडे आता एकच उपाय उरला, नेहमीचा: सगळं बंद करायचं आणि एकेकाला हाक मारून चालू करायला सांगायचं. बाहेर कसं ऐकू येतंय ते कळावं म्हणून त्याने आपला छोटा माइकही मोठ्या स्पीकरवर टाकला.

"एलरॉय, चालू!" गिटार स्वच्छ वाजली.

"बेस, चालू!" तोही स्वच्छ.

आणि मग वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्याच सुरात, जरा लाडाने, जरा खेकसून, त्याने भावाला हाक मारली. नावाने. "चल रे, चालू कर!"

दोन्ही स्पीकरांतून ते नाव मैदानभर गेलं. पार गोलपोस्टपर्यंत.

मग बायकांमधून रडण्याचा सूर उठला आणि वाढत गेला. मर्लीनबाईंनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. जेलिसाने माइक ट्रकच्या फळीवर ठेवला आणि खाली उतरली. माणसं मुलांना उचलून निघाली. क्लिफ्टनला वाटलं, ही लाल माती फाटेल तर बरं, आपण आत जाऊ.

त्याने माइकवरची पट्टी सोलली. नावाखालचा आकडा वाचला. एलरॉयच्या गिटारीचाही तोच आकडा. माइक पेटीत होता तेव्हा ती मोकळी जागा त्यानेच एलरॉयच्या गिटारीला देऊन टाकली होती. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलायला लागले की दोघांचाही गळा दाबला जातो, हे तो दुसऱ्यांना शिकवायचा.

"तुझी वायर धड होती रे," तो एलरॉयला म्हणाला. "माती मीच खाल्ली."

एलरॉय वायर गुंडाळत राहिला. एरवी असा घास त्याने सोडला नसता. आज त्याने एक शिवीसुद्धा दिली नाही, आणि तेच क्लिफ्टनला सोसवेना.

तो मर्लीनबाईंजवळ जाऊन बसला. समोर नाही, बाजूला, मान खाली घालून. जेलिसा आजीला टेकून बसली होती.

"आई, मार मला."

मर्लीनबाईंनी घोंगडी डोक्यावरून मागे सारली.

"नाव तोंडातून निसटलं असतं तर दोन तडाखे देऊन पोटात घातलं असतं रे," त्या म्हणाल्या. "पण तू त्याला हाक मारलीस. तो जिवंत असताना मारायचास तशी. आणि मी वळून बघितलं."

क्लिफ्टनला रडू फुटलं.

"ट्रकच्या मागून येतो का ते बघितलं मी. सगळ्यांदेखत. रडून रडून एवढ्या दिवसांत त्याला लांब पोचवला होता, तू परत दारात आणून उभा केलास. आता मला पहिल्यापासून सुरू करायचंय." त्यांनी हात पुढे केला. "आण तो माइक. सेल काढ आधी."

"आणि जेलिसाची गाणी?"

"थांबतील. माझं दुःख सरेपर्यंत, मी थांबते तशी."

त्याने सेल काढला. खिडकीतलं नाव विझलं. माइकची मूठ अजून जेलिसाच्या घामाने ओली होती, तशीच त्याने ती म्हातारीच्या हातात दिली.