गप्प बसलेली चिप

रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप जमतात, उरलेले स्क्रू आणि किस्से. स्क्रू निदान डबीत भरता येतात. किस्से कोणी विचारले की मी एरवी लाजतो, पण हे लॅपटॉपचे सांगतो.

शहापूरला एसटी स्टँडच्या मागे बाळादादाचं दुकान होतं. दादा मूळचा टीव्ही मेकॅनिक. मी नववीत शाळा सोडून त्याच्याकडे लागलो. दोन हजार सालानंतर घरोघरचे टीव्ही बिघडेनासे झाले, तेव्हा दादाने मुंबईहून ऑफिसांनी काढून टाकलेले लॅपटॉप आणले. आम्ही त्यांत विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम टाकून विकायचो. पण थोड्याच दिवसांत समोरच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी बोललं, "माल चोरीचा हाय." तेव्हापासून दादाला एकच घोर. एकाने मशीन परत आणलं की सगळे आणणार, आणि दुकानाला कुलूप लागणार.

*

पहिलं मशीन शेणवे गावच्या तात्यांनी घेतलं, पोरीच्या अभ्यासाला. तात्या भातशेती करतात आणि कोणाचंही पहिलं वाक्य खरं मानत नाहीत.

"यातला लिनक्स केवढ्याचा?" त्यांनी विचारलं.

"फुकट हाय, तात्या," दादा म्हणाला.

"कोन देतो फुकट?"

"जगभरची मानसं मिळून बनवतात आनि वाटतात."

तात्यांनी लॅपटॉप उलटा करून खालून बघितला. "मंग ती मानसं कुठल्या इलेक्शनला उभी राहनार हायेत?"

*

धसईचे एक भाताचे व्यापारी होते, अण्णा. आमच्याकडे पाण्याची मोटार दुरुस्तीला टाकताना लोक आतल्या भागांवर खूण करून ठेवतात, कोणी बदलू नये म्हणून. अण्णांनी आमच्याकडून घेतलेल्या लॅपटॉपचंही तेच केलं. कीबोर्ड बिघडला तेव्हा सुनेची नेलपॉलिशची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "माझ्यासमोर खोल. मी खुना करतो, मंग जातो."

मी खोललं. आत आधीच प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका होता. अण्णांचा चेहरा उतरला. "हे कोनी केलं?"

दादा वाकून बघत म्हणाला, "अण्णा, तुमच्याआधी हे ज्याचं होतं ना, तोपन तुमच्यासारखाच होता."

*

सगळ्यांत जास्त संशय त्या सिक्युरिटी चिपने पसरवला. बोर्डावर एक बारीक चिप असते, किल्ल्या-पासवर्ड सांभाळायला. मशीन चालू करताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायच्या आणि त्यांत एक ओळ यायची, की सिक्युरिटी चिप उत्तर देत नाही. शिवाय झाकण मिटलं की मशीन जे झोपायचं, ते उठायचंच नाही.

तात्यांना इंग्रजीतला तेवढा एक शब्द लागला. "सिक्युरिटी म्हंजे वॉचमनच ना रे? उत्तर का देत नाय?"

"झोपला असंल," दादा म्हणाला.

"मंग काय बिघाड नाय. बरोबर चाललंय."

पण टपरीवर या गोष्टीला पाय फुटले. चिप जुन्या मालकाला कळवते, मशीन कुठे आहे ते!

*

मला वाटलं, मशीनचं बायोस नवीन टाकलं तर चिप सुधारेल. बायोस म्हणजे बोर्डावरचा तो प्रोग्राम, ज्याच्यावर मशीन जागं होतं. तो बदलताना लाइट गेली तर मशीन कायमचं मेलं, आणि या जुन्या मशीनच्या बॅटऱ्या कधीच बसल्या होत्या. दिवस लोडशेडिंगचे. म्हणून दादाने वायरमनला फोन लावला.

"आज लाइट कधी जानार? नक्की टाइम सांग."

पलीकडून वायरमन हळू आवाजात म्हणाला, "का रे? काय करनार हायेस अंधारात?"

टाइम त्याने शेवटपर्यंत सांगितला नाही. आम्ही देवाचं नाव घेऊन बायोस टाकलं. लाइट राहिली, बायोस बसलं, आणि पडद्यावर तीच ओळ पुन्हा आली.

*

शेवटी नेट कॅफेत बसून शोधलं. कुठल्याशा देशातल्या माणसाला हाच त्रास झाला होता. त्याने लिहिलं होतं, सेटिंगमध्ये चिप बंद करा आणि लिनक्सला सांगा की तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, चालूच करू नको. तसं केलं. ओळ गेली. झाकण उघडलं की मशीन लगेच उठायला लागलं. मी खुशीत तात्यांना त्यांचं मशीन दाखवलं.

तात्यांनी चार वेळा झाकण उघडमिट केली. "आधी निदान बोंबलायची तरी. आता एकदम गप झाली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गप असतात त्यांचा काय भरवसा नसतो, पोरा."

*

आठवड्याच्या आतच तात्या मशीन पिशवीत घालून आले. "परत घे. लोकं बोलतात, पोरीच्या मागं झंझट नको." टपरीवरची चार माणसं चहाचे ग्लास हातात धरून बघत उभी होती. तात्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. हवालदारसाहेब, अंगात वर्दी, काखेत आमच्याकडचाच एक लॅपटॉप. कोणाकडून तरी घेतलेला असणार. टपरीवरचे ग्लास हवेतच थांबले. दादाने न विचारता खरेदीची बिलं काउंटरवर पसरली. साहेबांनी ती बाजूला सारली आणि मला जवळ बोलावलं.

"यात ती चिप हाय म्हनतात."

"हाय, साहेब."

"कुठं हाय ते कळवते म्हनतात."

"नाय साहेब, ती कोनालाच काय कळवत नाय."

"तरी बंद करून दे."

मी बंद केली. साहेब पडद्याकडे नजर लावून बसले होते. दादाला आता थोडा धीर आला होता. तो म्हणाला, "साहेब, पोलीस तर तुमीच. तुमाला कसली भीती?"

साहेबांनी लॅपटॉप काखेत मारला, टोपी घातली. "म्हनून तर बंद करून घेतली," म्हणाले आणि निघून गेले.

मग तात्यांनी काउंटरवरची पिशवी स्वतःकडे ओढली.

"माझ्यातली नक्की बंद हाय ना?"

मी मान हलवली.

"मंग राहू दे माझ्याकडं."