पेशंट हजर पाहिजे

लातूर जिल्हा झाला त्यानंतरच्या एका कोरड्या उन्हाळ्यात, टँकरच्या रांगेत, पाण्याने भरलेले लोखंडी बॅरल हातगाडीवरून घरंगळले आणि माझ्या उजव्या मांडीवर पडले. मी तेव्हा चौथीत होते. घटनेचे यांत्रिक वर्णन एवढेच: टँकर हॉर्न वाजवत मागे आला, गर्दी सरकली, गाडी कलली, हाड मोडले. मोडलेल्या हाडाचे पुढे काय होते, हे आज हाडांची डॉक्टर म्हणून मला तोंडपाठ आहे. ते जुळते. लहान मुलांचे तर फार सहज जुळते. घाबरलेले मूल कशाने जुळते, याची माझ्या पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानाची सोय आहे, आणि त्या अर्ध्या पानात माझ्या आत्याचा समावेश नाही. ही मला त्या ग्रंथातील गंभीर त्रुटी वाटते.

जिल्हा नवा होता, पण आमच्या माहितीचा हाडांचा डॉक्टर नांदेडलाच होता. जीपमध्ये आडवी घालून मला तिकडे नेले, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढवून, एखादी मूर्ती आणावी तशी परत आणले. बाहेरच्या खोलीत बाजेवर माझी स्थापना झाली. अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, लातूरच्या गोलाई बाजारात दोरखंडाचे दुकान होते. त्यामुळे बाजेला ताणायला नवी सुंभाची दोरी आली. माझी शुश्रूषा करण्यासाठी उदगीरहून आत्या आली. ती अप्पांची थोरली बहीण. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज बाजार समितीच्या हमालासारखा, आणि आजारी माणसाने शांत पडून राहावे या कल्पनेला तिचा तत्त्वतः विरोध.

मी मात्र शांतच पडून होते, आणि घराला काळजी त्याचीच होती. एरवी मी प्रश्न विचारून माणसे पिडणारी मुलगी. आता टँकरचा हॉर्न दूर कुठे वाजला तरी मी चादर डोक्यावरून ओढून घेई आणि तो बंद होईपर्यंत श्वास रोखून धरी. पडलेल्या बॅरलविषयी मी कोणाशी एक अक्षर बोलत नव्हते. डॉक्टरांनी हाडाची हमी दिली होती. चादरीखालच्या मुलीची हमी कोणीच देत नव्हते. आई रोज माझे केस विंचरताना हळूच विचारी, "भीती वाटती का गं?" मी मान हलवून नाही म्हणे. आईचा त्यावर विश्वास नसे, पण ती वेणी घालून टाकी.

इकडे माझ्या अपघाताने गल्लीला अपराधी वाटू लागले होते. अपराधी वाटले की आमची गल्ली नियम करते. मारुतीच्या पारावर ठराव झाला: ज्या घरात आजारी माणूस असेल, त्या घराला पाणी आधी. ठराव अतिशय मानवतावादी होता आणि आठवडाभर टिकला. मग एका घराने आजोबा अंथरुणाला खिळल्याचे सांगून पहिल्या नंबरने पाणी नेले, आणि तेच आजोबा जवळच्या मुरुडला एका लग्नात तिसऱ्यांदा बुंदी वाढून घेताना आढळले. पारावर पुन्हा बैठक बसली आणि नियमाला दुरुस्ती जोडली गेली: पेशंट हजर पाहिजे.

"अवो, पोरीचं प्लास्टर समद्या गल्लीनं बघितलंय की!" आत्या पारावर जाऊन भांडली.

"बघितलंय, आत्याबाई. पण नियम म्हंजे नियम," समोरच्या घरातले मास्तर म्हणाले. हे निवृत्त चित्रकला शिक्षक. पूर्वी मुलांच्या कानांना त्यांची भीती असे, आता पारावरच्या प्रत्येक ठरावावर त्यांची सही असे. "जिल्ह्याचं गाव झालं आता आपलं. कारभार कसा रीतसर पाहिजे."

आत्या घरी आली आणि माझ्या उशाशी बसून तिने प्रस्ताव मांडला: बाजेसकट मला टँकरपर्यंत न्यायचे. डॉक्टरांनी आडवे ठेवून उचलायला हरकत नाही म्हटले होते. आई ताडकन म्हणाली, "वन्सं, ते नाव काढू नका. हॉर्न वाजला तरी लेकरू पांढरं पडून राहिलंय."

"मग पाणी कुठनं आणायचं? भस्म लावून आंघोळ झाली म्हणायचं का?"

अप्पा वादात क्वचित पडत. ते म्हणाले, "तिला विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चादर ओढून घेतली. अप्पा म्हणाले, "झालं. न्हाई म्हणली ती."

हा क्षण मी आज व्यवसायाच्या नजरेने पाहते तेव्हा थक्क होते. घरात पाणी नाही, पाण्याचा परवाना प्लास्टर घालून बाजेवर पडलेला आहे, आणि घर त्या परवान्याला विचारते की, बाई, तुझी इच्छा आहे का? आत्याने मला एकदाही समजावले नाही, घाबरट म्हटले नाही, शूर मुलींच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. तिने सरळ पर्यायी व्यवस्था केली. अप्पांचे जुने धोतर फाडून चुन्याच्या पाण्यात बुडवले, पायाला गुंडाळले, उन्हात वाळवले, आणि ती स्वतः पेशंट म्हणून रांगेत हजर झाली.

तासाभराने रिकामे बॅरल गडगडवत ती परतली. गल्लीने तिला ओळखले होते. मुळात ती बॅरल स्वतःच ढकलत गेली होती.

"मेले सगळे वकील झालेत!" ती उंबऱ्यातूनच गरजली. "मी लंगडत जाऊन राहिले, कण्हून राहिले, तरी म्हणतेत सोंग हाय. काय चुकलं माझं? सांगा!" आणि तिने खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लंगडून दाखवले.

मी चादरीच्या कडेवरून पाहत होते. पाहणे भाग होते, कारण पुराव्यात उघड विसंगती होती.

"आत्या," मी म्हणाले, "पट्टी उजव्या पायाला आहे आणि तू डाव्या पायाने लंगडतेस."

आत्याने खाली पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे. आई स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. आत्याने रागाने पट्टी सोडली आणि डाव्या पायाला बांधली. "आता बरोबर?" तिने मला विचारले. मी तिला चालायला लावले, थांबवले, गुडघा वाकवू नको म्हणून बजावले. अपघातानंतर मी सलग इतकी वाक्ये प्रथमच बोलत होते, आणि ती सर्व तक्रारीची होती. घर कृतार्थ झाले.

त्यानंतर आत्या रोज टँकरवरून येऊन माझ्यापुढे रांगेतील आजारांचा अहवाल सादर करू लागली. गल्लीत साथ पसरली होती. कोणाचा हात गळ्यात बांधलेला, कोणाच्या डोळ्यावर पट्टी, कोणी चार माणसांच्या खांद्यावर. कळस म्हणजे मास्तर स्वतः. त्यांच्या डोक्याला फडके गुंडाळलेले असे आणि ते पोट धरून कण्हत.

"डोक्याला पट्टी आणि पोट दुखतं?" मी विचारले.

"हाव! आणि पाणी पहिल्या नंबरनं नेलं मेल्यानं."

हे मला सहन झाले नाही. अन्यायापेक्षा निदानाचा ढिसाळपणा अधिक लागला. मी म्हणाले, "मला न्या."

अप्पा बाजेशी वाकून म्हणाले, "तू थांब म्हणशील तिथं थांबायचं. माघारी म्हणशील तर माघारी." मग दुकानातला एक हमाल आणि अप्पा यांनी बाज उचलली, आत्याने बॅरल घेतले आणि आमची पालखी निघाली. पिठाच्या गिरणीपर्यंत सर्व ठीक होते. तिथे हॉर्न वाजला. माझी बोटे बाजेच्या दोरीत रुतली आणि मी "माघारी" इतकेच म्हणू शकले.

बाज तिथल्या तिथे वळली. कोणी "जरा अजून" म्हटले नाही. टँकर समोर उभा होता, पाणी दिसत होते, आणि अप्पांनी त्याकडे पाठ केली. त्या दिवशी घरात तोंडे एका तांब्यात धुतली गेली. आत्या, जी मीठ कमी पडले तरी सात पिढ्यांचा उद्धार करी, ती भाकरी मोडत फक्त म्हणाली, "गिरणीपर्यंत तर गेलो. उदगीर काय एका दमात गाठतेत का?"

दुसऱ्या खेपेला आम्ही गिरणीच्या पुढे गेलो. आत्याची सूचना अशी होती: "हॉर्न वाजला की मास्तरच्या तोंडाकडं बघत राहा." हॉर्न वाजला. मी मास्तरांकडे पाहिले. ते पोट धरून कण्हत होते. हॉर्नने दचकून त्यांनी पोट सोडून कान धरले.

"मास्तर," मी बाजेवरून म्हणाले, "दुखतंय नक्की कुठं?"

"समदीकडंच गं, बाई."

"पण काल पट्टी डाव्या भुवईवर होती, आत्या सांगत होती. आज उजवीकडे आहे."

"सरकली असंल."

"गाठीसकट?"

अख्खी रांग खो खो हसली. टँकरवाला टाकीवर बसून हसला. मास्तरांनी फडके सोडले, घाम पुसला आणि म्हणाले, "आत्याबाई, ही पोरगी फौजदार होणार बगा." त्या दिवसापासून पेशंटांची तपासणी माझ्या बाजेपाशी होऊ लागली. मी जीभ बाहेर काढायला सांगे, कण्हणे ऐकून घेई, आणि बहुतेकांना रांगेच्या शेवटी पाठवी. दिवस भरलेल्या एका सुनेला मात्र मी स्वतःच्याही आधी सोडले. आत्या त्यावर संध्याकाळपर्यंत कुरकुरत होती.

मग प्लास्टर काढायचा दिवस आला. नांदेडला आत्याने डॉक्टरांना गंभीरपणे विचारले, "पाऊस लागंपर्यंत राहू दिलं तर काय बिघडंल?"

"पोरीला कशाला? तुमच्याच पायाला घालतो की," डॉक्टर म्हणाले. आत्याने क्षणभर विचार केल्याचे मी पाहिले.

आतून निघालेला पाय वाळक्या शेंगेसारखा होता. तो हळूहळू भरला. मी भिंत धरून, मग आत्याचा पदर धरून, मग काहीच न धरता चालू लागले. आणि तेव्हा ध्यानात आले की माझी भीती गेली नव्हती, बाजेवर चढून बसली होती. बाजेवर मी अधिकारी होते; माझ्याभोवती चार हात जागा मोकळी राही. पायावर उभी राहिले की मी पुन्हा गर्दीच्या कमरेएवढी एक मुलगी होते. मी टँकरवर जायचे टाळू लागले. पाय दुखतो म्हणे. आत्या माझ्या कण्हण्याकडे तज्ज्ञाच्या नजरेने बघे.

एके सकाळी तिने बॅरल काढले आणि म्हणाली, "येतीस का? माझ्याच्यानं एकटीनं ढकलवंना." हे धादांत खोटे होते. मी गेले. आम्ही रांगेच्या शेवटी उभ्या राहिलो. मास्तरांनी पुढून पाहिले आणि ओरडले, "अवो, पोरीला पुढं घ्या! पाय मोडलाय तिचा. आत्याबाई, या पुढं!"

रांग बाजूला झाली. मी लगेच पुढे निघाले. त्या मोकळ्या जागेत शिरण्याइतका सुखाचा विचार दुसरा नव्हता. आत्याने माझे मनगट धरले. ही बाई पहिल्या नंबरासाठी चुन्याचा पाय करून गेली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "बरी झालीय ती. रांगेतच उभी राहील."

हॉर्न वाजला. माणसे सरकली, कोणाची कोपरे लागली, कोणाची बादली माझ्या पायावर आदळली. मी आत्याकडे पाहिले. ती पुढच्या बाईशी भांडत होती आणि तिने माझे मनगट केव्हाच सोडले होते. मी बॅरलचा काठ धरला आणि माझ्या वाट्याचे ढकलले.

आमचा नंबर येण्याआधी पाणी संपले. आत्याने टँकरवाल्याला, मास्तरांना आणि कलेक्टरला क्रमाने शिव्या दिल्या आणि शेवटी माझ्याकडे वळली.

"आन् तू गं? पाय उचल की जरा! तुझ्या चालीनं घर गाठायचं म्हणलं तर पाऊसच यील."

"मग येऊ दे की," मी म्हणाले, आणि मुद्दाम आणखी हळू चालले.