मासिकातला टिलर आणि मालकांचा टिलर

१९९९ साली आमच्या घरची बैलजोडी गेली. बैल थकले होते, आणि नांगर धरणारे वाडीतले दोघे भाऊ मुंबईला नोकरीला लागले होते. रत्नागिरीजवळच्या पालीपासून थोडं आत आमचं घर. घरासमोर भाताचे चार कुणगे, म्हणजे खाचरं, मागे चढावर हापूसची बाग. नवरा मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. बाकी वर्षभर घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते.

सासऱ्यांकडे शेतीचं एक मासिक यायचं. पोस्टमनच्या हातून ते घेतलं की आधी लाल पेन्सिल शोधायची आणि मग वाचायला बसायचं, अशी त्यांची रीत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ते दर अंकात दुरुस्त करत. मजकुरावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास होता. एकदा संध्याकाळी मी शाळेतून आले, तर ते ओटीवर अंक उघडून माझी वाटच बघत बसले होते.

"अगो, हे वाच. आपला प्रश्न सुटला."

पॉवर टिलरचं परीक्षण होतं ते. दोन चाकांचं, डिझेलवर चालणारं यंत्र. मागच्या दोन लांब मुठी धरून माणसाने त्याच्यामागे चालायचं, पुढे ते जमीन उकरत जातं. मागे ट्रॉली जोडली की तिच्यावर बसून मालही नेता येतो. परीक्षकाने कौतुकाचा नुसता पाऊस पाडला होता. चालू करायला सोपा, वळवायला हलका, चिखलणीला उत्तम, महिलाही सहज चालवू शकतील. या शेवटच्या वाक्याखाली सासऱ्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

मी वाचलं आणि विचारलं, "बाबा, हे लिहिणाऱ्याकडे टिलर आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे एक पावसाळा वापरून लिहिलंय, की एक दुपार?"

त्यांना ते आवडलं नाही. छापणाऱ्याने काहीतरी बघूनच छापलं असेल, असं त्यांचं म्हणणं. पण जेवताना तेच म्हणाले, "ठीक आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारू. तू वही घे. डाव्या पानावर मासिक काय म्हणतं ते, उजव्या पानावर मालक काय म्हणतो ते."

पहिले मालक लांज्याचे. काजूचा धंदा करणारे एक गृहस्थ, सासऱ्यांच्या ओळखीतले. रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही गेलो. त्यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, बशीभर काजूगर समोर ठेवले.

"टिलर ना? एकदम झकास! डोळे मिटून घ्या."

"सुरू करायला त्रास?" सासऱ्यांनी विचारलं.

"छे!"

"वळवायला?"

"लोण्यासारखा."

मी उजवं पान भरत होते. डाव्या आणि उजव्या पानात काडीचा फरक नव्हता. सासरे माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. शेवटी मी म्हटलं, "एकदा बघायला मिळेल का?"

गृहस्थ जरा घुटमळले, मग आम्हाला गोठ्यामागच्या पडवीत घेऊन गेले. टिलर तिथे गोणपाटाखाली होता. त्यांनी गोणपाट उचललं आणि आतून एक कोंबडी फडफडत आमच्या अंगावर आली. इंजिन आणि मुठींच्या मधल्या जागेत पेंढा अंथरलेला होता आणि त्यात तीन अंडी.

त्यांची बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "आता सांगा की खरं. मास्तरांना फसवताय होय?"

मग बसस्टॉपपर्यंत सोडायला येताना त्यांनी खरं सांगितलं. टिलरच्या दोन्ही मुठींखाली एकेक क्लच असतो. डावा दाबला की यंत्र डावीकडे वळतं, उजवा दाबला की उजवीकडे. हे मासिकात होतंच. "पण उतारावर तो उलटा चालतो," ते म्हणाले. "डावा दाबलात तर उजवीकडे जातो. मला कुणी सांगितलं नव्हतं. बागेतून खाली येत होतो. डावा दाबला आणि थेट व्हाळात. टिलर पाण्यात आणि मी जांभळीला मिठी मारून. त्या दिवसापासून हात लावला नाही."

"मग मघाशी झकास कसं म्हणालात?" मी विचारलं.

ते ओशाळले. "वहिनी, स्वतः पसंत करून आणलेल्या वस्तूला वाईट म्हणायला जीभ वळत नाही."

परतीच्या एसटीत सासरे वहीतलं उजवं पान वाचत होते. पालीच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, "तू विज्ञान शिकवतेस. सांग, उलटा का चालतो?"

मी वहीत चाकं काढून विचार करत बसले. सपाटीवर इंजिन दोन्ही चाकांना पुढे ढकलतं. डावा क्लच दाबला की डाव्या चाकाचा जोर जातो, उजवं पुढे पळतं आणि यंत्र डावीकडे वळतं. उतारावर तेच इंजिन चाकांना मागे धरून ठेवतं. तिथे डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं सुटतं, तेच पुढे पळतं आणि यंत्र उजवीकडे जातं. सासऱ्यांनी दोनदा समजून घेतलं आणि वर्गातल्या हुशार पोराला द्यावी तशी माझ्या पाठीवर थाप दिली. लग्नानंतरच्या दहा वर्षांत पहिल्यांदाच.

दुसरी मालकीण सावर्ड्याची. माझ्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर तिकडे, त्यांच्याकडून कळलं होतं. हिचा नवरा मुंबईत गिरणीत होता. गिरणी बंद पडताना जे हाती आलं त्यात त्याने टिलर घेऊन दिला आणि दुसऱ्या नोकरीसाठी परत मुंबईला गेला. गावात कुणाला यंत्र येईना, म्हणून हिनेच शिकून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा ती कासोटा घालून उभी होती आणि टिलरची चाकं बदलत होती. रबरी काढून चिखलाची लोखंडी लावायची होती.

"ह्यात एक तास जातो," ती सासऱ्यांच्या हातातल्या अंकाकडे बघत म्हणाली. "लिवलंय का तुमच्या पुस्तकात?"

लिहिलं नव्हतं. मी उजव्या पानावर लिहिलं.

मग तिने इंजिन चालू करायचं हँडल हातात घेतलं आणि मला जवळ बोलावलं. "ताई, हिकडं बघा. आंगठा. आपण काय पण धरतो तं आंगठा समोरनं येतो. तसा धरायचा नाय. चारी बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटा झटका मारतं तवा हँडल बोटांतनं सुटून जातं. आंगठा आडवा असला तं मोडतो." तिने स्वतःचा उजवा अंगठा पुढे केला. सांध्याच्या वर तो किंचित वाकडा होता.

सासऱ्यांनी मासिक उघडून तिला ते वाक्य वाचून दाखवलं, महिलाही सहज चालवू शकतील. ती खळखळून हसली. हसताना हातातला पाना खाली पडला.

"सहज? सहज काय असतं वो गुरुजी? मी शिकले. दोन म्हैने लागले. मुठी हादरतात, रातचं भाकरी थापताना हात बधिर असायचे. मग ह्या सायकलच्या ट्युबा गुंडाळल्या. आता चांगलं चालतंय." आणि जरा थांबून म्हणाली, "माझा टिलर चांगलाच हाय. पण इंजिनचे पट्टे दोन जादा घेऊन ठेवा. पावसात तुटला तं दुकानदार चिपळूणला आनी चिखल हितं."

त्या दिवशी उजवं पान भरून मागच्या पानावर गेलं. गंमत म्हणजे, तक्रारींनी भरलेलं ते पान वाचूनच सासऱ्यांनी टिलर घ्यायचं नक्की केलं. "आता मला माहीत आहे मी काय घेतोय ते," असं ते म्हणाले.

२००० च्या उन्हाळ्यात टिलर घरी आला. मुठींना आधी ट्यूबा गुंडाळल्या, मग नारळ फोडला. अंगठा कुठे ठेवायचा ते मी सासऱ्यांना शिकवलं आणि ते रोज सकाळी हँडल हातात घेऊन, इंजिनाला न लावता, हवेत सराव करत. शेजारच्या काकू विचारायला आल्या होत्या, गुरुजी कसला व्यायाम करतात म्हणून.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बागेतून आंब्याचे क्रेट खाली आणत होतो. सासरे ट्रॉलीवर बसून टिलर चालवत होते, मी मागून चालत होते. वाटेच्या डाव्या अंगाला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बागेचा बांध, आणि उजव्या अंगाला पुरुषभर खोल घळ. उतार सुरू झाला, ट्रॉलीचं वजन मागून रेटायला लागलं आणि टिलर जरा उजवीकडे ओढला गेला. सासऱ्यांनी तो डावीकडे घ्यायला डावा क्लच दाबला. टिलर आणखी उजवीकडे गेला. त्यांनी डावा आणखी घट्ट दाबला.

"उजवा, बाबा! उजवा दाबा!"

मी वर्गात कधी ओरडले नसेन इतकी ओरडले. त्यांनी उजवा दाबला. टिलरने तोंड फिरवलं, वाट आडवी ओलांडली आणि गडग्यावर जाऊन धडकला. चार चिरे ढासळले, वरचे क्रेट घरंगळले, इंजिन बंद पडलं. सासरे ट्रॉलीवर तसेच बसून होते, मुठी घट्ट धरून. मी धावत गेले. त्यांना खरचटलंही नव्हतं. त्यांचे हात सोडवायला मात्र मला वेळ लागला.

गडग्यावर बसून ते तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "डोक्याला माहीत होतं गो. हातांना कुठे माहीत होतं!" आणि हसायला लागले. मलाही हसू आलं. आम्ही आंबे गोळा केले. मार लागलेले वेगळे काढून त्यांचा रस आटवला. त्यानंतर उतारावर पहिल्या गिअरमध्येच यायचं आणि क्लचला हात लावायचा नाही, असा घरात नियम झाला.

त्याच आठवड्यात सासऱ्यांनी मासिकाला सहा पानी पत्र लिहिलं. वहीतली दोन्ही पानं, उताराचं कारण, माझी आकृती, अंगठा, पट्टे, सगळं त्यात होतं. दोन महिन्यांनी वाचकांच्या पत्रांत चार ओळी छापून आल्या. रत्नागिरीकडच्या एका वाचकांनी टिलर समाधानकारक असल्याचं कळवलं आहे, अशा. सासऱ्यांनी त्या चार ओळींतल्या दोन चुका लाल पेन्सिलीने सुधारल्या आणि अंक मिटून ठेवला. पण अर्धा दिवस ते माझ्यावर रुसले, जणू ते मीच छापलं होतं.

त्या चार ओळींखाली सासऱ्यांचं आणि गावाचं नाव होतं, त्यामुळे लोक मात्र यायला लागले. बहुतेक जण रविवारी यायचे. सासरे टिलर बाहेर काढायचे, मी कोकम सरबत करायचे. एकदा सासरे रत्नागिरीला दाढ दाखवायला गेले होते तेव्हा एक तरुण बागायतदार बायकोला घेऊन आला. घाईत होता. उभ्या उभ्याच त्याने विचारलं, "बाई, कसा आहे टिलर?"

"एकदम झकास," मी म्हणाले.

ते दोघे फाटकापर्यंत गेले आणि मला माझेच शब्द ऐकू आले. मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. टिलर माझा होता, त्याच्यावर माझा जीव होता, आणि परक्या माणसासमोर घरच्या माणसाला नावं ठेवू नयेत तसं काहीसं झालं होतं. मासिकवाल्याला हसणं सोपं होतं. त्याला टिलर कमी माहीत होता आणि मला जास्त, पण बोललो दोघं एकच.

"अहो, थांबा!" मी हाक मारली. "तुमची बाग उतारावर आहे का?"

"पूर्ण उतारावरच आहे."

"मग आत या. बसा. वेळ लागेल."

त्यांना मी गडग्यापाशी नेलं, नवे बसवलेले चिरे दाखवले. त्याच्या बायकोला हँडल धरायला दिलं. ती डावखुरी होती, त्यामुळे सगळं पुन्हा तपासून बघावं लागलं. जेवूनच गेली दोघं. त्यांनी पुढे टिलर घेतला की नाही ते मला माहीत नाही.

२००३ च्या जुलैत सासऱ्यांचा गुडघा सुजला. लावणी तोंडावर आलेली, तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला बायका सांगून ठेवलेल्या आणि चिखलणी व्हायची होती. मी शाळेतून दोन दिवसांची रजा घेतली. साडी गुडघ्यापर्यंत खोचली, पाठीवर इरलं न घेता नुसता प्लास्टिकचा कागद बांधला आणि चारही कुणगे एकटीने चिखलले. पहिल्या कुणग्यात कोपरे राहिले. दुसऱ्यात पट्टा सरकला, तो बसवला. तिसऱ्यापासून बरं जमलं. रस्त्याने माझे नववीचे विद्यार्थी चालले होते. ते थांबले, त्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या, आणि मग त्यातल्या एकीने बांधावरून विचारलं, "बाई, उद्या शाळेत येणार ना? धडा अर्धा राहिलाय." मी इंजिनाच्या आवाजातून ओरडून सांगितलं, परवा.

दुपारी अंघोळ करून आले तर चुलीवरून करपल्याचा वास येत होता. सासरे एका पायावर भार देऊन स्वयंपाकघरात उभे होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मऊ भात केला होता. तळाला चांगलाच लागला होता. त्यांनी वरवरचा माझ्या ताटात वाढला, मेतकूट घातलं, तूप घातलं, लोणच्याची फोड ठेवली आणि समोर पाटावर बसले, पाय लांब करून.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं. "खरं सांग हो."

"खालून करपलाय," मी म्हटलं. "मीठ विसरलात. पण आणखी वाढा."

त्यांनी वाढला.