पाच पाकिटं, अर्धी तिकिटं आणि अर्धा बैल

गोव्याला जायचं ठरून आमच्या घरात चार वर्षं झाली. गोव्याचा वेगळा डबाही आहे, फडताळात तूरडाळीच्या मागे. त्यात मी दर महिन्याला पैसे टाकते आणि घरातली एकेक वस्तू आळीपाळीने ते खाते. पहिल्या वर्षी नवऱ्याच्या मोटरसायकलच्या इंजिनाने खाल्ले, मग पुतणीच्या लग्नाच्या आहेराने, मग पाण्याच्या मोटारीने. या जानेवारीत डबा उघडला तर आत पाच हजार होते. शिरूरची चार माणसं पाच हजारात गोव्याला जात नाहीत, फार तर गोव्याकडे तोंड करून उभी राहतात.

त्यात नवऱ्याचं बैलाचं खूळ. तो रांजणगावला कंपनीत आहे. तिथे वेतनकरार झाला आणि मार्चमध्ये फरकाची रक्कम मिळणार होती. मला त्यातून वॉशिंग मशीन हवं होतं आणि त्याला मित्राच्या शर्यतीच्या बैलात अर्धी भागी. अर्धा बैल घरी आणून मी त्यात कपडे धुऊ का, असं मी विचारलं. तर म्हणाला, "तुझ्या हातात पैसा टिकतच न्हाई. गोव्याचा डबा बघ की."

भाकरी तव्यावर होती, तशीच करपली. मी म्हटलं, "ह्याच पाच हजारात दोन दिवस सगळ्यांना फिरवून आणते. रुपया वर गेला नाही तर फरक माझ्या हातात द्यायचा."

"आन् गेला तर?"

"तर बांधा तुमचा बैल."

आता नियोजन. जुन्या लग्नपत्रिकांची पाच पाकिटं घेतली आणि त्यावर लिहिलं: तिकीट सातशे, खाणं चौदाशे, मुक्काम बाराशे, बोट हजार, अडीअडचण सातशे. वाहन अर्थातच एसटी. बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे मला आणि माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला, ईश्वरीला, अर्धं. सासरे, म्हणजे आप्पा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पंचाहत्तरच्या पुढे एसटी फुकट. फुल तिकीट असणारं माणूस घरात एकच निघालं, म्हणून नवऱ्याला घरीच ठेवलं. तसंही त्याला सेकंड शिफ्ट होती.

निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी विचारलं, "कुणाचं कार्य हाय?"

"कुणाचंच नाही आप्पा. फिरायला चाललोय."

"व्हय, पर कार्य कुणाचं?"

आप्पा आयुष्यभर लग्न, बारसं, दहावा आणि देव एवढ्यासाठीच गावाबाहेर पडलेले. नुसतं फिरायला जायचं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसेना. तरी इस्त्रीचं धोतर काढून ठेवलं.

सकाळी सातला शिरूर स्टँडवरून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याची गाडी धरली. तुम्ही जाणार असाल तर उजवीकडची खिडकी घ्या, ऊन लागत नाही. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉल्या पुढे लागल्या की ड्रायव्हरच्या तोंडून जे ऐकू येतं त्याचं वेगळं तिकीट नाही. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती. पहिली न्याहारी फुकट झाली म्हणून मी खूश होते, तोवर कंडक्टर आला आणि त्याने आप्पांचं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं.

"आबा, ह्याच्यावर त्र्याहत्तर बसत्यात. अर्धं तिकीट घ्यावं लागंल."

आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखा आप्पांचाही वाढदिवस एक जूनला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराकडे बघून अंदाजाने तारीख ठोकलेली. आप्पा अंगाने बारीक, म्हणून पाच वर्षं कमी पडली. त्यांना भयंकर राग आला.

"म्हंजी मी पाच वर्सं जगलोच न्हाई व्हय?"

"जगला असाल हो, पर कागदावर न्हाई," कंडक्टर म्हणाला आणि तिकीट फाडलं. पहिल्या तासातच बजेटला भोक पडलं. बारीकच होतं, पण पडलं. अशी तारीख तुमच्याही घरात कुणाची असेल, तर निघण्याआधी आधार कार्ड नीट वाचा.

चौफुल्याला गाडी बदलायची होती. चौफुला म्हटल्यावर आमच्या भागातले पुरुष उगाचच मिशीत हसतात, कारण तिथे लावणीची थिएटरं आहेत. आप्पा उतरल्या उतरल्या कुणाला न विचारता बरोबर भेळेच्या गाडीकडे चालू लागले. मी विचारलं, "तुम्हाला इथलं सगळं कसं माहीत?" तर म्हणाले, "बैल घ्यायला आल्तो." कधी, किती बैल आणि त्यातला एकही घरी कसा नाही आला, हे विचारायचं मी टाळलं. भेळ आणि चहा मिळून दीडशे रुपये झाले. भेळ तिखट आहे, लहान मुलांना जपून द्या.

दौंडला दुपारी पोचलो. दौंड हे जंक्शन, त्यामुळे बघण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे रेल्वे. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि बाकावर बसा, याहून स्वस्त करमणूक जिल्ह्यात नाही. आप्पा दोन तास बसले. प्रत्येक गाडीतून उतरणारी माणसं निरखून बघायचे आणि सांगायचे, "ही लग्नाला आल्याली दिसत्यात." काळा चष्मा लावलेला एक माणूस एकटाच उतरला, तेव्हा मात्र त्यांना काही ठरवता आलं नाही.

लॉज स्टेशनजवळचं. मॅनेजरने बाराशे सांगितले आणि विचारलं, "काय कामानं आला?" मी 'फिरायला' म्हणायच्या आत आप्पा बोलले, "डोळं दाखवायला." विनाकारण आलोय हे सांगायची त्यांना लाज वाटली. मॅनेजर हळहळला, शंभर रुपये कमी केले आणि रात्री आपणहून गरम पाणी आणून दिलं. खोटं बोलणं वाईट असतं हे मी ईश्वरीला शिकवलंय, पण ते शंभर रुपये मी परत केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जीपने भिगवण गाठलं. माणशी चाळीस रुपये. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला बोट मिळते. हजार रुपयांच्या खाली नाववाला उतरला नाही आणि बोटीच्या पाकिटात बरोबर हजारच होते, म्हणून मीही फार ताणलं नाही. सकाळी सहा-सातलाच जा, नंतर ऊन डोळ्यांवर येतं.

पाण्यात शेकड्याने उभे होते ते. गुलाबी, उंच, माना खाली घालून आपापलं खात होते. ईश्वरी फोटो काढायचंच विसरली. मीही दहा मिनिटं एका रुपयाचा विचार केला नाही, आणि हे लग्नानंतरच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा घडलं.

आप्पांनी नाववाल्याला विचारलं, "कुठनं येत्यात ही?"

"गुजरातकडनं म्हणत्यात, मामा. दर सालाला येत्यात."

"कशापायी?"

"कशापायी म्हंजी? खात्यात, हिंडत्यात, उन्हाळा आला की जात्यात. त्यास्नी काय कार्य आसतंय?"

किनाऱ्यावर येईपर्यंत आप्पा मान वळवून त्या पक्ष्यांकडेच बघत होते.

जेवायला चिलापी माशाची थाळी घेतली, एकशेऐंशी रुपये, रस्सा मागाल तेवढा. भिगवणला जाऊन पनीर मागणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. जेवता जेवता पाकिटं मोजली. तेराशे नव्वद शिल्लक होते. घरी जायला दोनशे चाळीस लागणार, म्हणजे साडेअकराशे रुपयांनी मी जिंकले होते. मनातल्या मनात मी मशीनचा प्लगसुद्धा लावला. पुढचा दरवाजा असलेलं घ्यायचं की वरून झाकण असलेलं, एवढाच प्रश्न उरला होता.

तेवढ्यात आप्पांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुरकुंभ वाटंवरच हाय न्हाई का?"

कुरकुंभच्या बाहेर एका वस्तीवर त्यांची धाकटी बहीण राहते, काशीआत्या. मी म्हटलं, "किती दिवस झाले भेटून?"

"नऊ वर्सं. तिच्या मालकाच्या दहाव्याला गेल्तो. तवापासनं तिच्याकडं कार्यच निघालं न्हाई. बिनकार्याचं कसं जायचं? लोक काय म्हणत्याल?" मग थांबून म्हणाले, "आता कार्य निघंल ते तिचं न्हाई तर माझंच."

मला एकदम रडू आलं. ते मी रस्सा तिखट आहे या नावावर खपवलं. नऊ वर्षं! शिरूरपासून एवढ्याशा अंतरावर. आणि त्या नऊ वर्षांत मी गोव्याचे पैसे साठवत बसले होते.

पण बहिणीकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही. इथूनच बजेट घसरायला लागलं. साडी आठशेपन्नासची, कारण आप्पांनी त्याखालची एकही हातात धरली नाही. पेढे आणि केळी एकशेनव्वद. कुरकुंभपासून वस्तीवर जायला आणि थांबून परत यायला रिक्षा चारशे. एकूण चौदाशे चाळीस, म्हणजे दोनशे नव्वद वर. मोबाइलच्या कव्हरमागे माझी पाचशेची घडी असते, ती बाहेर काढली. ती कुठल्याही बजेटमध्ये धरलेली नसते, पण प्रत्येक बाईकडे असते.

काशीआत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आप्पांना बघून उठली आणि तोंडावर पदर धरला. "दादा, कोण गेलं?"

"कुणी न्हाई."

"खरं सांग. कोण गेलं?"

"आगं कुणी न्हाई. सहज आलोय."

तिचा विश्वास बसेना. चहा होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, वाईट बातमी सुनेकडून कळेल म्हणून. मी साडी पुढे केली, तेव्हा कुठे तिला खरं वाटलं. मग ती जी रडली आणि रडता रडता आप्पांना जे बोलली, की एवढी वर्सं पाय मोडलं व्हतं का, बहीण मेली का जगली ह्याची चौकशी न्हाई. आप्पा मान खाली घालून पेढा खात होते. इतका ओरडा खाऊन इतकं खूश झालेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. निघताना तिने आप्पांना टॉवेल-टोपी केली आणि ईश्वरीच्या मुठीत पाचशेची नोट कोंबली.

रिक्षात बसल्या बसल्या ईश्वरी कानात म्हणाली, "आई, हे धरले तर आपण दोनशे दहानी जिंकतो." पोरगी माझ्यावर गेली आहे. पोराच्या हातावर पडलेले पैसे आईचे, हा तर आपल्याकडचा जुनाच कायदा. चौफुल्यापर्यंत मी त्यावर विचार केला. मग नोट तिलाच ठेवायला सांगितली. आत्याच्या पैशातून साडेआठशेची साडी वळती करायची, मग ती साडी दिली असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्या दिवशी नवऱ्याची आठवड्याची सुट्टी होती. तो दारातच पाकिटांसाठी हात पुढे करून उभा. आप्पांच्या डोक्यावरची नवी टोपी दिसली आणि त्याचा हात खाली आला.

"कुठनं आणली?"

"काशीकडं गेल्तो," आप्पा म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "काय झालं आत्याला?"

"काय व्हायचंय? जित्ती हाय. म्हणून तर गेलो."

त्याने आप्पांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना आत यायला वाट दिली. मी दोनशे नव्वद वर गेल्याचं सांगितलं, तर नुसती मान हलवली.

मार्चमध्ये फरक आला. बोली ती बोली, सध्या आमच्याकडे अर्धा बैल आहे. तो दुसऱ्याच्या गोठ्यात राहतो आणि पहिल्याच शर्यतीत घाटाच्या, म्हणजे धावपट्टीच्या, मध्यावर थांबून त्याने लोकांकडे बघितलं. कपडे मी हातानेच धुते. अर्ध्या बैलाने मला काय दिलं हे अजून शोधते आहे, पण खरं सांगायचं तर ते दोनशे नव्वद मला एकदाही टोचले नाहीत.

गोव्याच्या डब्यात आता सहावं पाकीट आहे. आप्पांनीच ईश्वरीकडून त्यावर 'काशी' लिहून घेतलं आणि आत शंभराची नोट घातली. "कशासाठी ते पण लिहू का?" असं तिने विचारलं.

"सहज म्हणून लिव्ह," आप्पा म्हणाले.