शेवटची जागा

काल सरावानंतर एका मुलीच्या घोट्याला मलम चोळताना त्याचा उग्र वास नाकात गेला आणि इगतपुरीची सुनंदा आठवली.

सत्त्याण्णव साल असावं. गंगापूर रोडजवळच्या मैदानावर राज्याच्या फुटबॉल संघाची निवड चालली होती. बचावफळीत एकच जागा उरली होती, आणि सुनंदा माझ्यापेक्षा चांगली खेळत होती. चाचणी सामन्यात ती समोरच्या संघात होती; कॉर्नर किकला ती आमच्या गोलसमोर आली. बॉल केव्हाच निघून गेला होता, तरी मी तिच्या घोट्यावर बूट हाणला.

सर धावत आले. "कुणी मारलं?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते. "कुणी नाय सर. माझाच पाय मुरगळला."

मी शेजारीच उभी होते. तिला कळलंच नसेल, अशी तेव्हा मनाची समजूत घातली.

ती जागा मला मिळाली. पुढे अकरा वर्षं खेळले, खेळावरच पोट भरलं. सुनंदा पुन्हा कुठल्याच मैदानावर दिसली नाही.

मुंबईला सामन्यांसाठी जाताना गाडी इगतपुरीला थांबायची, तेव्हा मी खिडकी लावून घ्यायचे. फलाटावर सुनंदा दिसली तर ती हसून हाक मारेल, याचीच मला भीती वाटायची.