माझी तक्रार त्यानंच वाचली

माझी तक्रार सरदारानं, म्हणजे उसाच्या इस्टेटीवरच्या आमच्या मुकादमानं, देवळात उभं राहून वाचली. मोठ्यानं. रविवारची आरती आटपली होती, माणसं घरी निघाली होती, त्यांना त्यानं परत बसवलं. "ऐका, आपल्या मास्तरीणबायनं पोलिसांना काय लिवलंय ता." प्रत्येक ओळीनंतर तो थांबायचा, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचा. लोक हसायचे. माझी कानशिलं तापली होती.

तो कागद त्याच्याकडे गेला कसा? माझ्याच शहाणपणानं.

शेवंती सरदाराच्या घरी राहायची. त्याच्या बायकोची भाची, आईबाप नसलेली, आठ वर्षांची. भांडी, धुणं, गाईचा चारा, सगळं तिच्यावर. मी आठवडाभर इस्टेटीवर उसात खुरपणी करायची आणि शनिवारी दुपारी देवळात पोरांना बाराखडी शिकवायची. एका शनिवारी शेवंती खाली बसेना. उभ्या उभ्याच पाटी गिरवू लागली. वर्ग सुटल्यावर मी तिचे पाय बघितले. पोटऱ्यांवर उलथन्याचे डाग. जुने काळे, नवे ओले.

"दूध उतू गेला," ती म्हणाली. "कोणाक सांगू नको गो ताई."

मला रडू आलं नाही. संताप आला. पण सांगायचं कुणाला? इस्टेटीवर कसलीही तक्रार सरदारामार्फतच वर जायची. म्हणून मी बस धरून सांत्र द फ्लाक शहराच्या बाजूला पोलीस ठाण्यात गेले. तोंडी सांगितलं तर बाई बडबडते म्हणतील, म्हणून लिहून नेलं. मला लिहिता येत होतं ते फक्त मराठी, बापानं शिकवलेलं. केवढी ऐट होती मला त्या अक्षराची! शिपायानं कागद उलटासुलटा केला. "मो पा कोन लिर सा," इथल्या क्रेओल बोलीत म्हणाला, हे मला वाचता येत नाही. कागद खणात टाकला आणि मला घरी जायला सांगितलं. मी समाधानानं आले.

त्यांनी तपास केला, नाही असं नाही. आमच्या भागात मराठी वाचणारा वजनदार माणूस कोण, ते विचारलं आणि कागद त्याच्याकडे पाठवला. देवळाचा अध्यक्ष. म्हणजे सरदार.

वाचून झाल्यावर त्यानं शेवंतीला पुढे बोलावलं. "सांग सगळ्यांक. कसा भाजला?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी चुलीवर पडली."

"ऐकलात?"

सगळ्यांना हायसं वाटलं. मला पोरीचा राग आला नाही. तिला परत त्याच घरात जायचं होतं. राग आला तो तिला त्याच्यासमोर उभी करून गप्प ऐकणाऱ्यांचा. ती सगळी माझी माणसं होती.

मग कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला. आमच्यात भांडण मिटवायची रीतच तशी. चुकलेल्यानं नारळ द्यायचा, पाय धरायचे, विषय संपला. शेजारच्या काकी कानाशी लागल्या, "धर गो बाय पाय. उद्या काम नको काय तुला?" मी पुढे गेले. वाकलेही होते, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात शेवंती दिसली. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी ताठ झाले. नारळ देवापुढे ठेवला.

"मी चुकलेली नाय," म्हटलं. "लिवलंय ता खरा हाय."

सोमवारी हजेरीत माझं नाव पुकारलं नाही. शनिवारी देवळाच्या दाराला कुलूप. शेवंतीचं नळावर पाण्याला येणंही बंद झालं. माझ्या तक्रारीनं तिचं एवढंच भलं झालं.

मी परत ठाण्यात गेले. तोच शिपाई. "आले, राँत लाकाज," मला बघताच म्हणाला, चल, घरी जा. मी बाकावर बसले. क्रेओल काय मला येत नव्हतं? जन्मापासून येत होतं. "एक्रीर," मी म्हटलं. लिही. मी बोलते, तू तुझ्या भाषेत लिही आणि मला वाचून दाखव. सरदाराला बोलवायचं नाही. पोरीला आधी डॉक्टरकडे न्यायचं, त्या घरातलं कुणी बरोबर नको.

तो हसला. जेवायला गेला. परत आला तरी मी तिथेच.

"ती तुझी कोण?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझं काम गेलंय, आता मला कुणाच्या हजेरीची भीती नाही. ती त्या घरातून बाहेर पडेपर्यंत मी रोज इथे येऊन बसणार. घे पेन."