हिरवा डोळा मिटत नव्हता

आमच्या रेडिओच्या दर्शनी बाजूला रुपयाएवढी गोल काच होती आणि तिच्यामागे एक खास व्हॉल्व्ह होता. सेट तापला की काचेत हिरवा उजेड पसरायचा आणि खालच्या बाजूला पाचरीसारखी काळी फट राहायची. स्टेशन नेमकं लागलं की फट मिटायची, सरकलं की उघडायची. दुकानदार त्याला मॅजिक आय म्हणाला होता. आमच्या घरी त्याचा नुसता डोळा झाला. कैनाडच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत वीज आली त्याच वर्षी मी तो सेट घेतला. दोन वर्षं त्याने तक्रार केली नाही. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात डोळा मिटायचा बंद झाला.

बंद झाला म्हणजे संध्याकाळी. दिवसा मुंबई चोख लागायची. दिवस मावळायच्या सुमारास आवाज घसरायचा, खरखर वाढायची आणि डोळा उघडा तो उघडाच. सकाळी उठून बघावं तर पुन्हा सगळं ठीक.

एरवी मी आठवडाभर वाट पाहिली असती. पण त्या वेळी एका म्हाताऱ्याचा शब्द आमच्या रेडिओवर अवलंबून होता. आमच्या वाडीतल्या ताडांची नीरा काढायला मागच्या पाड्यावरचा एक वारली येत असे. हा म्हातारा त्याचा बाप. दिवाळीच्या आधी त्याला तारपा, म्हणजे त्यांचं भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, वाजवायला मुंबईला रेडिओवर नेलं होतं. परत येऊन त्याने पाड्यावर सांगितलं की एका खोलीत नेलं, भिंतींना गाद्या लावल्या होत्या, काचेपलीकडच्या माणसाने हात केला की वाजवायचं. मधेच त्याला ठसका लागला, पण काचेपलीकडचा माणूस हातानेच म्हणाला, वाजव. पाड्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. "गाद्या भिंतीला कोण लावतो?" असं म्हणून बायकासुद्धा त्याला हसत. तारपा सुगीपर्यंतच वाजवतात, ते दिवस सरले होते, तारपा आढ्याला टांगलेला, त्यामुळे वाजवूनही काही सिद्ध करता येत नव्हतं.

मग पत्र आलं. पाड्यावर टपाल जात नसे, म्हणून पत्ता माझा दिला होता. अमुक तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता गावकऱ्यांच्या कार्यक्रमात तारपावादन. मी म्हाताऱ्याला म्हणालो, "सगळ्यांना घेऊन ये. ठसक्यासकट ऐकवतो." त्या दिवसापासून शुक्रवार एकोणीस दिवसांवर होता. आणि डोळा उघडा राहायला लागून तीन दिवस झाले होते.

मी एक वही सुरू केली. रोज संध्याकाळी पाच ते आठ, दर अर्ध्या तासाला डोळ्याची फट किती, आवाज किती, वारा कुठला, हवा दमट की कोरडी. पाच दिवसांच्या नोंदींवरून एवढंच निघालं की बिघाड साडेसहाच्या आसपास सुरू होतो, आणि हे मला वहीशिवायही माहीत होतं.

डहाणू स्टेशनजवळ एक गुजराती मेकॅनिक होता. सेट टांग्यातून त्याच्याकडे नेला. त्याने मागचं झाकण काढलं, व्हॉल्व्ह एकेक ठोकून पाहिले, धूळ झटकली आणि मुंबई लावली. डोळा मिटला.

"काका, आमां कंई नथी. काही बिघाड नाही."

"संध्याकाळी होतं ते."

"संध्याकाळपर्यंत बसा मग. चहा मागवतो."

बसलो. सात वाजता, सव्वासात वाजता, साडेसात वाजता त्याच्या दुकानात डोळा असा मिटलेला की त्यात केस जाणार नाही. तरी माझ्या आग्रहाखातर त्याने डोळ्याचा व्हॉल्व्ह बदलून नवा घातला. "मशीनला नाही, तुमच्या समाधानासाठी," म्हणाला. घरी आणून दुसऱ्या संध्याकाळी लावला तर नवा डोळा जुन्यासारखाच टक्क उघडा.

म्हणजे दोष घरात होता. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून आठ घागरी पाणी ओतलं. फरक नाही. एरियलची तार घराच्या आढ्यावरच्या बांबूपासून विहिरीजवळच्या ताडापर्यंत होती, दोन्ही टोकांना चिनी मातीचे लट्टू. तीन वेगवेगळ्या सकाळी मी तिच्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत मान वर करून चाललो. तार ताणलेली, लट्टू शाबूत, ताडापासून चांगली हातभर दूर.

नीरावाला रोज संध्याकाळी चुना लावलेली मडकी घेऊन यायचा. तो सगळ्यांनाच अरेतुरे करी.

"शेट, मिटला काय डोळा?"

"नाही."

"किती दिस राह्यले?"

"नऊ."

"मिटव बाबा. म्हातारा जेवत नाय नीट." एवढं बोलून तो ताडावर चढायचा.

तलासरीला माझे मेव्हणे वीजखात्यात होते. एस. टी.ने जाऊन त्यांच्याकडून व्होल्टमीटर आणला, मांडीवर धरून, कारण बसचे धक्के त्याला सोसणारे नव्हते. सकाळी दोनशे बावीस भरले, संध्याकाळी एकशे शहाण्णव. मला हायसं वाटलं. शेवटी आकडा सापडला होता. व्होल्टेज पडतं म्हणून डोळा मिटत नाही, असं मी घरात जाहीर केलं आणि साडेसहानंतर सगळे दिवे बंद ठेवायचा हुकूम काढला. पत्नी चार दिवस कंदिलाच्या उजेडात स्वयंपाक करत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, "अहो, व्होल्टेज कमी तर डोळ्याचा उजेडही मंद व्हायला हवा ना? तो तर झगझगीत आहे." मी म्हणालो, यातलं तुला कळत नाही. तिचं बरोबर होतं. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता.

शुक्रवारी साडेसहालाच पाड्यावरची वीस-बावीस माणसं आमच्या ओटीवर आणि अंगणात येऊन बसली. म्हातारा पुढे, धुतलेला सदरा घालून. नीरावालाही बापाजवळ बसला, मडकी तुळशीपाशी ठेवून. मी सेट लावला. डोळा मिटला. इतक्या दिवसांत प्रथमच त्या वेळी मिटला. मी पत्नीकडे पाहिलं आणि सगळे दिवे बंद असल्याची आठवण करून दिली.

सात वाजले. आधी खतांवर भाषण सुरू झालं. ते संपेना. अंधारायला लागलं तसा नीरावाला चुळबुळ करू लागला. आज काप दिला नाही तर फुलोरा सुकतो आणि पुढची नीरा जाते. "विहिरीवरचा एक ताड करून येतो," म्हणाला आणि मडकं घेऊन पळाला.

भाषण संपलं. निवेदिकेने तारपा हा शब्द उच्चारला, सूर सुरू झाला आणि त्यावर खरखरीची लाट आली. डोळा उघडला. मी बटणं फिरवली. सेटवर थाप मारली. मागून कुणी बाई म्हणाली, "म्हातारबा, तुझ्या गाद्या आल्या वाटतं भिंतीच्या." सगळे हसले. म्हातारा हसला नाही. तो माझ्या हाताकडे पाहत होता.

पत्नी दारातून म्हणाली, "अहो, तो वर चढला आणि हे गेलं."

"योगायोग."

"रोज तो याच वेळी चढतो."

मी वहीत वारा लिहिला होता, व्होल्टेज लिहिलं होतं, एके दिवशी भरतीची वेळही लिहिली होती. नीरावाल्याचा रकाना नव्हता. मी अनवाणीच विहिरीकडे धावलो.

"वर तारेचं काय केलंस?"

"काय नाय केलं, शेट. हा ताड यंदाच धरला. तार मडक्याला आड येते म्हणून फांदीमागे अडकवतो. सकाळी मडकं काढलं की होती तशी ठेवतो. तुझी तार, खराब नको व्हायला."

फांदी म्हणजे ओल्या पानाचा देठ, आणि तार त्याला घट्ट टेकलेली. मुंबईहून जे येत होतं ते सगळं ताडातून जमिनीत जात होतं.

"सोडव ती. आत्ता."

"सोडवली तर मडक्यात पडते."

"मडकं काढ. तार झाडाला लागू देऊ नको. हातही लावू नको."

त्याने मडकं काढून काखेत घेतलं. हाताशिवाय तार जागेवर बसवता येईना, म्हणून कोयत्याची लाकडी मूठ तिच्याखाली घालून ती झाडापासून दूर उचलली आणि पाय ताडाला आवळून तसाच राहिला. ओटीवरून तारप्याचा सूर मोठा झाला. त्याच्यापर्यंत नुसती गुणगुण पोचत असणार, कारण मी खाली होतो तरी मला तेवढीच येत होती.

"शेट, जाऊ का ऐकायला?"

"हललास तर जाईल."

तो हलला नाही. मीही तिथून निघालो नाही, त्याचा हात खाली येतो की काय म्हणून वर बघत राहिलो. थोड्या वेळाने अंगणात एकदम गलका उठला.

"ठसका आला काय?" वरून त्याने विचारलं.

मला काय माहीत. मी घराकडे तोंड करून ओरडून विचारलं. पत्नी अंगणाच्या कडेपर्यंत आली. "आला, दोनदा. ती मघाची बाईच म्हणतेय, हा त्याचाच ठसका, याच्यापायी पाड्यावर रात्री कुणाला झोप नसते."

मी वर सांगितलं, "आला. दोनदा."

"दोनदा? मला एकदाच बोलला होता," तो म्हणाला. तरीही कार्यक्रम संपेपर्यंत कोयता धरून राहिला. मग तार हाताने पहिल्या जागी ठेवली आणि मडकं परत न लावताच उतरला.

"कसा वाजवला म्हाताऱ्याने?" त्याने विचारलं.

एकोणीस दिवस, एक नवा व्हॉल्व्ह, आठ घागरी पाणी आणि तलासरीची एक खेप, एवढं करून मीही ते धड ऐकलं नव्हतं. आम्ही दोघे ओटीवर गेलो. म्हातारा बायकांना गाद्या केवढ्या जाड होत्या ते हाताने दाखवत होता आणि त्या ऐकत होत्या. रेडिओवर बाजारभाव चालू होते. डोळा घट्ट मिटलेला होता.